आर्डुइनो उनो आर३ : डेटा टाइप नीट शिकायचे असतील तर हा बोर्ड घ्या

प्रोग्रॅमिंगच्या कुठल्याही अभ्यासक्रमात सुरुवातीचा एक धडा ठरलेला असतो: इंट म्हणजे पूर्णांक, फ्लोट म्हणजे दशांश, कॅर म्हणजे अक्षर, आणि कोणाला किती बाइट लागतात त्याचा तक्ता. तक्ता पाठ होतो, परीक्षेत उतरवलाही जातो. पण लॅपटॉपवर छोटे प्रोग्रॅम लिहिताना त्याची गरजच पडत नाही. आठ-सोळा गिगाबाइट मेमरीच्या यंत्रावर बाइटच्या जागी लाँग वापरला काय किंवा डबल वापरला काय, काहीही बिघडत नाही. उनो आर३ या संगणकाला जोडून प्रोग्रॅम भरायच्या छोट्या सर्किट बोर्डावर बिघडतं, आणि तेही डोळ्यांसमोर, मिनिटभरात. एलईडी लुकलुकवणं, मोटर फिरवणं यासाठी या बोर्डाची परीक्षणं भरपूर आहेत. इथे त्याच्याकडे फक्त डेटा टाइप, व्हेरिएबल आणि कॉन्स्टंट शिकवणारं साधन म्हणून पाहिलं आहे, आणि त्या कामात तो लॅपटॉपपेक्षा कितीतरी सरस आहे.

आर्डुइनो प्रकल्प २००५ साली इटलीतल्या इव्रेआ इथे सुरू झाला आणि उनो बोर्ड २०१० मध्ये आला. आर३ वरचा मुख्य कंट्रोलर (प्रोग्रॅम चालवणारी चिप) एटीमेगा३२८पी, आठ बिटांचा, १६ मेगाहर्ट्झवर चालणारा. त्यात तीन वेगवेगळ्या मेमरी आहेत आणि पुढचं सगळं समजायला हा फरक लक्षात ठेवावा लागतो. प्रोग्रॅम बसतो तो ३२ किलोबाइटच्या फ्लॅशमध्ये, त्यातला अर्धा किलोबाइट बूटलोडर (यूएसबीवरून आलेला प्रोग्रॅम चिपमध्ये उतरवणारा छोटा प्रोग्रॅम) घेतो. व्हेरिएबल राहतात एसरॅममध्ये, ती फक्त २ किलोबाइट, म्हणजे २०४८ बाइट. तिसरी १ किलोबाइटची ईईपीरॉम, वीज गेली तरी त्यातलं टिकतं. खालचे बहुतेक प्रयोग करायला बोर्ड, यूएसबी केबल आणि आर्डुइनो आयडीई (प्रोग्रॅम लिहून बोर्डात भरण्याचं सॉफ्टवेअर) एवढंच पुरतं. सुटे भाग जोडायच्या ब्रेडबोर्डचीही गरज नाही. व्होल्टेज मोजण्याच्या प्रयोगाला तेवढा एक पोटेन्शिओमीटर (फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायचा भाग) लागेल.

पहिलं स्केच (आर्डुइनोवर प्रोग्रॅमला स्केच म्हणतात) साइझऑफचं लिहा. सीरियल.बिगिन(९६००) करून प्रत्येक टाइपचा आकार सीरियल मॉनिटरवर (बोर्डाने पाठवलेलं दाखवणाऱ्या आयडीईच्या खिडकीत) छापा. बूल १, कॅर १, बाइट १, इंट २, लाँग ४, फ्लोट ४ आणि डबलसुद्धा ४. लॅपटॉपवर सी++ शिकलेल्याला इथे दोन धक्के बसतात. तिथे इंट सहसा ४ बाइटचा आणि डबल ८ बाइटचा असतो. भाषा तीच, शब्दही तेच, पण टाइपचा आकार भाषेने एकदाचा ठरवून दिलेला नसतो, तो यंत्र आणि कंपाइलर मिळून ठरवतात. वर्गात ही गोष्ट तोंडी सांगितली तर कानाआड जाते. इथे ती पाच ओळींच्या स्केचमध्ये दिसते.

तेहतिसावा सेकंद

या बोर्डावरचा सर्वांत बोलका प्रयोग हा. मिलीस() हे फंक्शन बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद देतं, अनसाइन्ड लाँग (उणे किमती नसलेला लाँग) या टाइपमध्ये. ते मुद्दाम इंटमध्ये घ्या: इंट वेळ = मिलीस(). मग सीरियल.प्रिंटलाइन(वेळ) आणि डिले(१०००), आणि हेच लूपमध्ये फिरू द्या. पडद्यावर आकडे चढत जातात, ३०००० च्या आसपास, ३१०००, ३२०००, आणि पुढची ओळ येते ती उणे ३२५०० च्या आसपासची. इंट दोन बाइटचा, म्हणजे उणे ३२७६८ ते ३२७६७. तेहतीस हजार त्यात मावत नाहीत, म्हणून ६५५३६ वजा होऊन उणे ३२५३६ उरतात. आकड्यांचा आलेख काढणारा सीरियल प्लॉटर उघडलात तर हेच करवतीच्या दात्यांसारखं दिसतं: रेघ सरळ वर जाते, कड्यावरून कोसळल्यासारखी तळाला येते आणि पुन्हा चढायला लागते. आता टाइप बदलून अनसाइन्ड इंट करा. मर्यादा ६५५३५ होते, त्यामुळे गडबड पासष्ट सेकंदांनंतर दिसते. अनसाइन्ड लाँग केला की साधारण ४९.७ दिवस चालतं आणि मग पुन्हा शून्य. रेंज म्हणजे काय, साइन्ड-अनसाइन्डमध्ये काय फरक, ओव्हरफ्लो कसा होतो, तिन्ही धडे एका शब्दाच्या बदलाने होतात.

ही केवळ शिकाऊ माणसाची अडचण नाही. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ रॉकेटचं पहिलंच उड्डाण अयशस्वी झालं, त्यामागे ६४ बिटांची फ्लोट किंमत १६ बिटांच्या साइन्ड पूर्णांकात बसवताना झालेला ओव्हरफ्लो होता. उनोवरचा इंट नेमका तेवढाच, १६ बिटांचा.

४९.७ दिवसांनी शून्यावर येणारी मिलीस() ही अडचण वाटते, पण वजाबाकी योग्य दिशेने केली तर ती आपोआप सुटते. मिलीस() - मागची_वेळ >= अंतर असं लिहा आणि दोन्ही व्हेरिएबल अनसाइन्ड लाँग ठेवा. अनसाइन्ड वजाबाकी फिरून आल्यावरही बरोबर फरक देते. मिलीस() >= मागची_वेळ + अंतर असं लिहिलंत तर मात्र शून्यावर येण्याच्या सुमारास चुकतं. गणितात दोन्ही ओळी सारख्याच. मर्यादित बाइटमध्ये त्या सारख्या नाहीत.

याहून लबाड चूक पुढे आहे. एक मिनिट थांबायचं म्हणून डिले(६० * १०००) लिहिलं जातं आणि बोर्ड गोठतो. कारण ६० इंट, १००० इंट, म्हणून गुणाकारही इंटमध्ये होतो. साठ हजार मावत नाहीत, उत्तर येतं उणे ५५३६. डिले() ला अनसाइन्ड लाँग हवा असतो, त्यात उणे ५५३६ गेला की तो ४२९४९६१७६० होतो, म्हणजे जवळजवळ पन्नास दिवसांची झोप. गंमत अशी की थेट डिले(६००००) लिहिलं तर सगळं बरोबर चालतं. एकच मोठा आकडा लिहिला की तो इंटमध्ये मावत नाही हे कंपाइलर ओळखतो आणि स्वतःच लाँग धरतो. दोन छोट्या आकड्यांच्या गुणाकाराला ही सवलत नाही. उपाय एका अक्षरजोडीचा: ६०यूएल * १०००. आकड्यामागचं यूएल म्हणजे अनसाइन्ड लाँग. एक बाजू लाँग झाली की पूर्ण गुणाकार लाँगमध्ये होतो. अनसाइन्ड लाँग थांबा = ६० * १०००; असं लिहून काहीच साधत नाही, कारण डावीकडचा टाइप उजवीकडचा हिशोब संपल्यावर विचारात येतो. विद्यार्थी सर्वांत जास्त इथेच अडकतात, म्हणून या ओळीवर वेळ घालवा.

एक दिवसाचे मिलिसेकंद काढायला २४ * ६० * ६० * १००० लिहिलं तर उत्तर आणखी फसवं, कारण ते उणे नसतं. येतं २३५५२. दिवसातून एकदा व्हायचं काम दर साडेतेवीस सेकंदांनी होत राहतं आणि माणूस तारा तपासत बसतो.

आयडीईने लपवलेल्या सूचना

इथे पहिली मोठी तक्रार. वरच्या गुणाकाराची चूक कंपाइलरला आधीच दिसलेली असते, तो तशी वॉर्निंगही देतो. पण आर्डुइनो आयडीईमध्ये वॉर्निंग मुळातच बंद ठेवलेल्या असतात. शिकणाऱ्यांसाठी बनवलेल्या साधनात हा निर्णय चुकीचा आहे, असं स्पष्ट म्हणावं लागेल. बोर्ड जोडण्याआधी प्रेफरन्सेस उघडा, कंपाइलर वॉर्निंग्ज समोरचं नन काढून ऑल करा. मग इंट क्ष = ४००००; लिहिलं की किंमत बदलून उणे २५५३६ होत असल्याचं लगेच कळतं. बाइट आय घेऊन आय < २५६ पर्यंत फिरवलेलं, कधीच न संपणारं लूपही पकडलं जातं: बाइट २५५ च्या पुढे जातच नाही, म्हणून अट कायम खरी राहते.

ऑल म्हणजे सगळं, असं मात्र समजू नका. इंट वेळ = मिलीस() या ओळीवर ऑल असतानाही कंपाइलर गप्प राहतो. मोठ्या टाइपमधली किंमत छोट्या टाइपमध्ये कोंबणं सी++ ला मान्य आहे. त्यासाठीची कन्व्हर्जन वॉर्निंग वेगळी मागावी लागते आणि आयडीईच्या मेनूत ती नाही. त्यामुळे फंक्शन कोणत्या टाइपची किंमत परत देतं, हे संदर्भपानावर बघण्याची सवय इथे लावून घ्यावीच लागते.

दोन किलोबाइटचा हिशोब

रिकामं स्केच कंपाइल केलं की खाली दोन ओळी येतात. एकीत प्रोग्रॅमने फ्लॅशमधले किती बाइट घेतले (रिकाम्या स्केचला साधारण ४४४, आवृत्तीनुसार थोडा फरक) आणि कमाल ३२२५६. दुसरीत ग्लोबल व्हेरिएबलनी ९ बाइट घेतले आणि २०३९ उरले. या दुसऱ्या ओळीसाठीच हा बोर्ड मोलाचा आहे. एक व्हेरिएबल वाढवा, टाइप बदला, पुन्हा कंपाइल करा. आकडा तुमच्यासमोर हलतो. ग्लोबल व्हेरिएबल घोषित करून कुठेच वापरलं नाही तर कंपाइलर ते काढून टाकतो आणि आकडा जागचा हलत नाही. म्हणून प्रयोग करताना ते वापरा, निदान सीरियलवर छापा.

उदाहरण घेऊ. सेन्सरचं वाचन दर मिनिटाला एक, दिवसभराचं साठवायचं आहे. १४४० वाचनं. फ्लोटचा ॲरे (एकाच टाइपच्या किमतींची रांग) केला तर ५७६० बाइट, म्हणजे विचारच सोडा. इंटचा केला तर २८८०, तरीही २०४८ च्या वर. जागा पुरत नसल्याचा एरर येतो आणि अपलोडच होत नाही. बाइटचा केला तर १४४०. पिनवरचं व्होल्टेज वाचणारं ॲनालॉगरीड() ० ते १०२३ मधला आकडा देतं, त्याला ४ ने भागलं की ० ते २५५ मध्ये येतं आणि एका बाइटमध्ये बसतं. तपशील थोडा जातो, पण पूर्ण दिवस साठवता येतो. सीरियलचे बफर वगैरे धरून वापर पाऊणहून थोडा वर जातो आणि आयडीई कमी मेमरीची सूचना देते. पंचाहत्तर टक्क्यांच्या पुढे ती येतेच. आता विचार करा: किती अचूकता हवी आणि किती वेळाचं साठवायचं, यांतली निवड म्हणजेच डेटा टाइपची निवड. हा विचार करायला लावणारं दुसरं स्वस्त आणि सोपं साधन आमच्या माहितीत नाही.

दार उघडं की बंद, एवढंच साठवायचं असेल तर बूल वापरावासा वाटतो. बूल खरंतर एका बिटाची गोष्ट, पण जागा पूर्ण बाइटची घेतो. १४४० बूल म्हणजे १४४० बाइट. तेच बाइटच्या ॲरेमध्ये एकेका बिटात ठेवले तर १८० बाइट. त्यासाठी बिटराइट() आणि बिटरीड() आहेत, हाताने शिफ्ट करत बसण्याची गरज नाही.

त्या ओळीत न दिसणारी एक गोष्ट म्हणजे लोकल व्हेरिएबल. फंक्शनच्या आत घोषित केलेला मोठा ॲरे त्या आकड्यात मोजलाच जात नाही, कारण तो फंक्शन चालू असतानाच स्टॅकवर (एसरॅममधल्या तात्पुरत्या जागेवर) जागा घेतो. कंपाइलला सगळं हिरवं दिसतं आणि बोर्ड मात्र मध्येच रीसेट होतो किंवा सीरियलवर कचरा छापतो. बोर्ड विनाकारण रीसेट होतोय असं वाटलं तर तारेआधी फंक्शनमधले ॲरे तपासा. लोकल व्हेरिएबलची आणखी एक खोड: सुरुवातीची किंमत दिली नाही तर त्यात आधीचं काहीही असू शकतं. ग्लोबल व्हेरिएबल मात्र शून्यापासून सुरू होतं. मोजणी करणारं व्हेरिएबल लूप() च्या आत घेतलं आणि ते दर फेरीला पुन्हा शून्य होत असेल, तर त्याच्यापुढे स्टॅटिक लावा. फंक्शन संपलं तरी किंमत टिकते.

कॉन्स्टंट : इथे बोर्ड थोडी दिशाभूल करतो

कॉन्स्ट इंट एलईडी_पिन = १३; हे आदर्श. टाइप ठरलेला आहे, नंतर चुकून किंमत बदलायला गेलात तर व्हेरिएबल रीड-ओन्ली असल्याचा एरर येतो आणि साध्या पूर्णांकाला एसरॅमचा एकही बाइट सहसा लागत नाही. तरीही जुन्या स्केचमधून डिफाइन उचलायची सवय सुटत नाही. डिफाइन म्हणजे कंपाइल होण्याआधी होणारी नुसती शब्दांची अदलाबदल. त्याला टाइप नसतो. डिफाइन मर्यादा ५ + ३ लिहून पुढे मर्यादा * २ केलं तर १६ येत नाहीत, ११ येतात, कारण कंपाइलरपुढे ५ + ३ * २ एवढंच जातं. डिफाइनच्या ओळीच्या शेवटी अर्धविराम दिला तर एरर येतो तो वापराच्या ओळीवर, आणि नवखा माणूस निर्दोष ओळीकडे बघत बसतो. म्हणून नव्याने शिकणाऱ्याला सरळ कॉन्स्टच शिकवावा.

दिशाभूल होते ती मजकुराच्या आणि तक्त्यांच्या बाबतीत. कॉन्स्ट लावला म्हणजे न बदलणारी गोष्ट फ्लॅशमध्ये राहील असं कोणालाही वाटेल. या कंट्रोलरवर तसं होत नाही. प्रोग्रॅम आणि डेटा यांची मेमरी वेगवेगळी असल्यामुळे कॉन्स्ट ॲरे आणि अवतरणचिन्हातला प्रत्येक मजकूर सुरुवातीलाच एसरॅममध्ये उतरवला जातो. सीरियलवर सूचना छापणारी पंधरा-वीस वाक्यं लिहिली की दोन किलोबाइटचा मोठा भाग गेलाच. देवनागरीत लिहिलीत तर आणखी लवकर. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, काना-मात्रासुद्धा वेगळी धरून. 'तापमान' हा शब्द अठरा बाइटचा, शेवटचा शून्य बाइट धरून एकोणीस. आणि एका कॅरमध्ये 'अ' बसत नाही, तो एका बाइटचाच असतो.

छापायच्या मजकुराभोवती एफ मॅक्रो लावा, म्हणजे सीरियल.प्रिंटलाइन(एफ("...")). मजकूर फ्लॅशमध्येच राहतो आणि एसरॅमचा आकडा तेवढ्याने खाली येतो. लावून आणि काढून दोन्ही वेळा कंपाइल करून पाहाच. मोठे तक्ते फ्लॅशमध्येच ठेवायला प्रोगमेम आहे, पण ते वाचायला पीजीएम_रीड_बाइट सारखी वेगळी फंक्शनं वापरावी लागतात. विसरलात तर एरर न येता भलतीच किंमत मिळते. नवशिक्याला प्रोगमेममध्ये पहिल्याच महिन्यात पाडू नये.

दशांश, अक्षरं आणि बाकीच्या खाचाखोचा

व्होल्टेज मोजताना वाचन * ५ / १०२३ लिहिलं की उत्तर ०, १, २, ३, ४ किंवा ५ असंच येतं. सगळे पूर्णांक, म्हणून भागाकारही पूर्णांकच. मिलिव्होल्टमध्ये काढू म्हणून वाचन * ५००० केलं तर वाचन ७ झाल्याबरोबर ३५००० होऊन इंट फुटतो आणि पडद्यावर उणे २९ मिलिव्होल्ट येतात. वाचन * ५०००एल / १०२३ लिहा; एल लावल्यावर हिशोब लाँगमध्ये होतो आणि फ्लोटची गरजच राहत नाही. ते बरंच आहे, कारण या कंट्रोलरमध्ये दशांश हिशोबासाठी हार्डवेअर नाही. फ्लोटची बेरीज-गुणाकार सॉफ्टवेअरने होतात, वेळ जास्त लागतो आणि त्यांचा कोडही फ्लॅशमध्ये जागा खातो.

फ्लोटची अचूकता सहा-सात आकड्यांची. पायची किंमत दहा दशांश स्थळांपर्यंत छापायला सांगितली तर येते ३.१४१५९२७४१०, खरी किंमत ३.१४१५९२६५३५. आठव्या आकड्यापासून पुढचं सगळं निरर्थक. टाइप डबल केला तरी तेच, कारण इथला डबल म्हणजे फ्लोटच. दुसरं, १६७७७२१६ या फ्लोटमध्ये १ मिळवला तर तो जसाच्या तसा राहतो. म्हणून मोजणीसाठी फ्लोट कधीच नको. आणि सीरियल.प्रिंट फ्लोटचे दोनच दशांश दाखवतं. किंमत ०.००४ असेल तर ०.०० दिसतं आणि सेन्सर मेला असं वाटतं. दुसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये किती दशांश हवेत ते द्या.

कॅर हा आतून आकडाच. प्रिंटलाइन('ए') केलं तर इंग्रजीतलं ए छापलं जातं, पण त्यात १ मिळवून छापलं तर पुढचं अक्षर न येता ६६ येतात, कारण बेरजेत कॅरचा इंट होतो. मॉनिटरवरून टाइप केलेला ५ बोर्डाला ५३ म्हणून पोहोचतो. त्यातून '०' हे इंग्रजी आकड्याचं अक्षर वजा केलं की खरा ५ मिळतो. सीरियल.रीड() इंट का देतं, बाइट का नाही, असं बऱ्याच जणांना वाटतं. त्याला ० ते २५५ या सगळ्या किमती द्याव्या लागतात आणि शिवाय काहीच आलं नाही हे सांगायला उणे १. एकूण २५७ शक्यता एका बाइटमध्ये बसत नाहीत. ते बाइटमध्ये घेतलं तर उणे १ चा २५५ होतो आणि काही आलं का ही तपासणी निकामी होते.

आकडे नीट मांडायला म्हणून पुढे शून्य लावू नका. ०१० म्हणजे दहा नाही, आठ. पुढे शून्य आलं की तो आकडा अष्टमान पद्धतीचा धरला जातो.

इंटरप्टमध्ये (चालू काम मध्येच थांबवून धावणाऱ्या फंक्शनमध्ये) बदलणाऱ्या व्हेरिएबलला व्होलटाइल लावा, म्हणजे किंमत दरवेळी मेमरीतून वाचली जाते, एवढं बहुतेक ठिकाणी सांगतात. तेवढ्याने भागत नाही. आठ बिटांचा कंट्रोलर दोन बाइटचा इंट दोन टप्प्यांत वाचतो. मोजणी २५५ वर असताना खालचा बाइट वाचून झाला, तेवढ्यात इंटरप्ट आला आणि मोजणी २५६ झाली, मग वरचा बाइट वाचला, तर हाती ५११ लागतात. चूक हजारात कधीतरी होते म्हणून सापडतही नाही. नोइंटरप्ट्स() करून किंमत दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये घ्या, लगेच इंटरप्ट्स() करा आणि पुढचं काम त्या प्रतीवर करा. मोजणी २५५ च्या आत राहणार असेल तर बाइटच वापरा, हा प्रश्नच येत नाही.

ईईपीरॉममध्ये ईईपीरॉम.राइट() एकच बाइट लिहितं. ३०० लिहायला गेलात तर परत वाचताना ४४ मिळतात. इंट, लाँग किंवा फ्लोटसाठी पुट() आणि गेट() वापरा. एका जागी एक लाख वेळा लिहिण्याची हमी आहे आणि एकदा लिहायला साधारण ३.३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे लूपमध्ये चुकून राइट() राहिलं तर हमीचं आयुष्य साडेपाच मिनिटांत संपतं. अपडेट() किंमत बदलली असेल तरच लिहितं, तेच बरं.

उणिवा, आणि कोणता उनो घ्यावा

सगळ्यांत जाणवणारी उणीव म्हणजे पायरीपायरीने प्रोग्रॅम थांबवून व्हेरिएबलच्या किमती बघण्याची सोय नाही. आयडीईच्या दुसऱ्या आवृत्तीत डीबगरचं बटण आहे, पण आर३ साठी ते उपयोगाचं नाही. सगळं सीरियल.प्रिंटवर भागवावं लागतं, आणि ते स्वतःच मेमरी आणि वेळ खातं. एरर इंग्रजीत आणि कोरडे असतात; नावातलं एक अक्षर लहान-मोठं झालं तरी ओळख नसल्याचाच एरर येतो.

स्ट्रिंग नावाचा सोयीचा टाइप आहे, पण मजकूर जोडत-तोडत राहिलं की दोन किलोबाइटमध्ये भोकं पडत जातात आणि काही तासांनी बोर्ड अडकतो. शिकताना कॅरचा ॲरे वापरलेला बरा.

२०२३ मध्ये आलेला उनो आर४ वेगवान आहे, ३२ बिटांचा, ४८ मेगाहर्ट्झचा, ३२ किलोबाइट एसरॅमचा. प्रकल्पासाठी तो घ्या. पण त्यावर इंट ४ बाइटचा आणि डबल ८ बाइटचा आहे, त्यामुळे तेहतिसाव्या सेकंदाचा प्रयोग आणि ६० * १००० ची चूक, दोन्ही त्यावर दिसणार नाहीत. डेटा टाइप शिकायला आर३ च हवा. दोन्ही मिळाले तर उत्तम: साइझऑफचं तेच स्केच दोन्हींवर चालवा. आणि जे स्केच दोन्हींवर सारखं चालायला हवं, त्यात इंट न लिहिता इंट१६_टी, इंट३२_टी असे बाइट पक्के असलेले टाइप लिहा.

बोर्ड हातात नसेल तर टिंकरकॅड सर्किट्स किंवा वोकवी या सिम्युलेटरवर उनो मोफत चालवता येतो आणि ओव्हरफ्लोचे प्रयोग तिथेही होतात.

विकत घेताना मुख्य चिप लांबट, सॉकेटमध्ये बसवलेली आहे का ते पाहा. पिनवर जास्त करंट जाऊन ती जळली तर तेवढीच बदलता येते, फक्त नव्या चिपमध्ये बूटलोडर आधीच भरलेला असावा. नक्कल बोर्डांवर यूएसबीसाठी बहुधा सीएच३४० चिप असते. ती चालते, पण काही संगणकांवर तिचा ड्रायव्हर आधी टाकावा लागतो, नाहीतर आयडीईच्या यादीत पोर्टच दिसत नाही. केबलही तपासून घ्या: चार्जिंगपुरत्या केबलने बोर्डाचा दिवा लागतो, स्केच मात्र अपलोड होत नाही.